संदर्भ लेख : बासमतीचे नाव आणि बौद्धिक संपदेच्या जागतिक वाटाघाटी

पानिपत : गोव्याची काजू फेणी, नाशिक खोऱ्यातील वाइन आणि हरियाणातील पानिपत परिसरात पिकणारा बासमती तांदूळ या तिन्ही उत्पादनांना भारतात भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मात्र जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदाविषयक करारात, म्हणजेच ट्रिप्स करारात, फेणीला आणि वाइनला जे वाढीव संरक्षण लाभते ते बासमतीला लाभत नाही. सांगलीच्या हळदीला, कोकणच्या हापूस आंब्याला आणि दार्जिलिंगच्या चहालाही ते मिळत नाही. करारातील हे वाढीव संरक्षण केवळ वाइन आणि मद्यार्क यांच्यासाठी राखून ठेवण्यात आले आहे. हा भेद कसा निर्माण झाला आणि तीन दशकांनंतरही तो का टिकून आहे, याचा मागोवा घेताना बहुपक्षीय व्यापार वाटाघाटी कोणाच्या उपस्थितीत आणि कितपत उघडपणे होतात, या प्रश्नापाशी यावे लागते.

पानिपतचे पीक आणि पानिपतचा माग

मराठी वाचकाच्या मनात पानिपत हे नाव १४ जानेवारी १७६१ या दिवसाशी जोडलेले आहे. आजचे पानिपत हे दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर, जुन्या ग्रँड ट्रंक रस्त्यावर वसलेले औद्योगिक शहर असून राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात त्याचा समावेश होतो. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासित विणकरांनी येथील हातमाग व्यवसायाला नवे बळ दिले. चादरी, सतरंज्या, गालिचे, ब्लँकेटे आणि जुन्या कपड्यांपासून पुन्हा काढलेले सूत यांसाठी हे शहर आज जगभर ओळखले जाते. शहराच्या पूर्वेस यमुना वाहते आणि भोवतालच्या शिवारात गव्हाबरोबर भाताचे, विशेषतः बासमतीचे पीक घेतले जाते.

केंद्र सरकार साध्या भाताला किमान आधारभूत किंमत जाहीर करते; बासमतीला ती लागू नाही. बासमतीचा भाव बाजारात ठरतो आणि त्या बाजाराचा मोठा भाग परदेशात आहे. भारताने २०२३-२४ या आर्थिक वर्षात सुमारे ५२ लाख टन बासमती निर्यात केला आणि त्यातून सुमारे ५.८ अब्ज डॉलर मिळवले. इराण, सौदी अरेबिया, इराक आणि संयुक्त अरब अमिराती हे त्याचे प्रमुख ग्राहक आहेत. हमीभाव नसलेल्या पिकाला जो अधिकचा दर मिळतो, तो त्याच्या नावामुळे मिळतो. ‘बासमती’ हे नाव कोणत्याही देशातील लांब दाण्याच्या सुगंधी तांदळाला लावता येऊ लागले, तर समालखा किंवा पानिपतच्या धान्यबाजारात माल आणणाऱ्या शेतकऱ्याचा तो अधिकचा दर धोक्यात येतो. त्यामुळे जिनिव्हातील कराराचे एखादे कलम या शेतकऱ्याच्या उत्पन्नाशी थेट जोडलेले आहे.

पानिपतच्या मागांचाही या कराराशी संबंध आहे. ट्रिप्स कराराच्या कलम २५ मध्ये वस्त्रांवरील नक्षीकामाचा स्वतंत्र उल्लेख आहे. वस्त्रांच्या नक्षीला संरक्षण मिळवण्याची पद्धत खर्च, तपासणी किंवा प्रसिद्धी यांच्या बाबतीत अवाजवी अडचणीची असू नये, असे ते कलम सांगते. लहान कारखानदार आणि विणकर यांच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे. परंतु ती करारात आहे याची माहिती त्यांच्यापर्यंत फारशी पोहोचलेली नाही.

कलम २२ आणि कलम २३

ट्रिप्स कराराचे कलम २२ सर्व भौगोलिक मानांकनांना लागू होते. उत्पादनाच्या मूळ स्थानाविषयी ग्राहकांची दिशाभूल होत असेल किंवा अनुचित स्पर्धा होत असेल, तर तो वापर रोखण्याची कायदेशीर सोय सदस्य देशांनी करावी, असे हे कलम सांगते. येथे दिशाभूल सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर पडतो. वेष्टनावर ‘बासमती प्रकारचा तांदूळ’ असे छापून खाली दुसऱ्याच देशाचे नाव दिले असेल, तर ग्राहकाची फसवणूक झाली हे दाखवणे अवघड होते.

कलम २३ वाइन आणि मद्यार्क यांनाच लागू होते आणि त्यात हा भार उरत नाही. खरे मूळ स्थान वेष्टनावर लिहिले असले, नावाचे भाषांतर केले असले किंवा नावाला ‘प्रकार’, ‘शैली’, ‘अनुकरण’ असे शब्द जोडले असले, तरीही तो वापर रोखता येतो. दिशाभूल झाली की नाही, हा प्रश्नच उपस्थित होत नाही. अर्थात कलम २४ मधील अपवाद दोन्ही कलमांना लागू आहेत. एखाद्या देशात ते नाव सर्वसामान्य संज्ञा म्हणून रूढ झाले असेल, तर तेथे संरक्षण देण्याचे बंधन राहत नाही. आपल्याच देशात ज्या नावाला संरक्षण नाही, त्याला इतर देशांनी ते द्यावे असेही बंधन नाही.

ही शेवटची अट भारतासाठी महत्त्वाची ठरली. करार अमलात आला १ जानेवारी १९९५ रोजी. भारताने भौगोलिक मानांकनाचा कायदा केला १९९९ मध्ये आणि तो लागू झाला सप्टेंबर २००३ मध्ये. दरम्यान २ सप्टेंबर १९९७ रोजी टेक्सासमधील राइसटेक या कंपनीला अमेरिकेत बासमतीच्या वाणांसंबंधी पेटंट मिळाले. त्यात २० दावे होते. भारताने २००० मध्ये फेरतपासणीची मागणी केल्यानंतर बहुतेक दावे मागे घेतले गेले किंवा फेटाळले गेले आणि पेटंट कंपनीच्या तीन वाणांपुरते उरले. तत्पूर्वी हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणधर्मावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या आव्हानानंतर १९९७ मध्ये रद्द झाले होते. परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यात जुन्या संस्कृत ग्रंथांसह अनेक मुद्रित पुरावे सादर करण्यात आले होते. या दोन्ही प्रकरणांत भारताला बाजू मांडावी लागली ती इतरांनी आखलेल्या नियमांच्या चौकटीत.

मसुदा कोणी लिहिला

व्यापार आणि बौद्धिक संपदा यांची सांगड घालण्याचा निर्णय सप्टेंबर १९८६ मध्ये उरुग्वेतील पुंता देल एस्ते येथे झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी या एकाच विषयासाठी एक समिती स्थापन केली. औषधनिर्मिती, संगणक आणि रसायन क्षेत्रांतील प्रमुख कंपन्या तिच्या सदस्य होत्या. जून १९८८ मध्ये या समितीने युरोप आणि जपानमधील उद्योग संघटनांबरोबर करार कसा असावा याचा सविस्तर आराखडा प्रसिद्ध केला. नंतर झालेल्या करारात त्यातील बऱ्याच कल्पना आढळतात.

उद्योगांनी आपले म्हणणे मांडण्यात गैर काहीच नव्हते. मात्र औषधे विकत घेणारा रुग्ण, बियाणे राखून ठेवणारा शेतकरी आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान बाळगणारा समाज यांच्या बाजूने एवढ्या तयारीचा आराखडा त्या काळी कोणी मांडला नाही. भारताने सुरुवातीला या विषयाचा व्यापार वाटाघाटीत समावेश करण्यासच विरोध केला होता. एप्रिल १९८९ मध्ये तो विरोध सैल झाला आणि जुलै १९८९ मध्ये भारताने आपली भूमिका लेखी स्वरूपात मांडली. त्यात पेटंट आणि सक्तीचे परवाने यांवर भर होता. वाइनच्या नावांसाठी युरोपीय देश ज्या आग्रहाने भांडत होते, तसा आग्रह तांदळाच्या किंवा चहाच्या नावासाठी त्या वेळी धरला गेला नाही.

पुढील टप्प्यांत चर्चेचे वर्तुळ लहान होत गेले. १९९० च्या उत्तरार्धात ‘दहा अधिक दहा’ अशा नावाने ओळखल्या गेलेल्या मोजक्या देशांच्या गटात मजकूर घडवला गेला. अशा मर्यादित बैठकांना जिनिव्हाच्या परिभाषेत ‘ग्रीन रूम’ म्हणतात. तत्कालीन गॅट संघटनेच्या महासंचालकांच्या कक्षाशेजारील सभागृहावरून हा शब्दप्रयोग रूढ झाला. अशा बैठकांचे इतिवृत्त प्रसिद्ध होत नाही आणि बाहेर राहिलेल्या देशांपुढे तयार मजकूर येतो. सर्वसहमतीचा नियम असल्याने प्रत्येक देशाला नकाराचा अधिकार असतो खरा. पण एकत्रित बांधलेल्या शेकडो पानांच्या करारातून एखादे कलम अडवण्याचे बळ लहान देशांच्या शिष्टमंडळाजवळ क्वचितच असते.

डंकेल प्रस्ताव आणि शेतकऱ्यांचे दोन आवाज

२० डिसेंबर १९९१ रोजी गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी संपूर्ण मसुदा सादर केला आणि हा विषय भारतात प्रथमच गावपातळीवर पोहोचला. कर्नाटकात प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी यांच्या रयत संघाने मसुद्याला तीव्र विरोध केला. महाराष्ट्रात शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी मात्र त्याचे समर्थन केले. स्वित्झर्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरी करून परतलेल्या जोशी यांचे म्हणणे असे की, सरकारी बंधनांनी शेतकऱ्याचे जेवढे नुकसान केले तेवढे खुला बाजार करणार नाही.

एकाच देशातील दोन शेतकरी चळवळींनी एकाच मसुद्याचे इतके भिन्न वाचन करणे हा त्या काळातील सार्वजनिक चर्चेचा समृद्ध भाग होता. परंतु ही चर्चा झाली ती मसुदा तयार झाल्यावर. संसदेच्या वाणिज्यविषयक स्थायी समितीने इंद्रकुमार गुजराल यांच्या अध्यक्षतेखाली डंकेल प्रस्तावांची छाननी केली, तेव्हाही मसुदा येऊन वर्षाहून अधिक काळ लोटला होता. मजकुरात शब्द बदलण्याची संधी जवळपास संपली होती. स्वीकार किंवा नकार एवढेच पर्याय शिल्लक होते. १५ एप्रिल १९९४ रोजी मोरोक्कोतील माराकेश येथे करारावर स्वाक्षऱ्या झाल्या.

त्यानंतर कलम २३ चा विस्तार करण्याची मागणी भारताने सातत्याने मांडली. २००१ च्या दोहा परिषदेच्या घोषणापत्रात तिचा उल्लेख झाला. जुलै २००८ मध्ये युरोपीय संघ, भारत, ब्राझील, चीन, स्वित्झर्लंड आणि आफ्रिकी देशांसह शंभराहून अधिक सदस्यांनी संयुक्त प्रस्ताव दिला. मानांकनाचे वाढीव संरक्षण सर्व उत्पादनांना मिळावे आणि पेटंटच्या अर्जात जैविक साधनांचा उगम उघड करावा, अशा मागण्या त्यात होत्या. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अर्जेंटिना आदींचा त्याला विरोध राहिला आणि प्रस्ताव आजवर निर्णयापर्यंत पोहोचलेला नाही. १९९० मध्ये जे सुटले, ते बहुसंख्य सदस्य पाठीशी असूनही परत मिळवता आलेले नाही.

औषधे आणि लशी : दोन वाटाघाटी, दोन पद्धती

सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातील दोन वाटाघाटी शेजारी ठेवून पाहिल्यास खुलेपणाचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एचआयव्हीवरील तीन औषधांचा एकत्रित उपचार प्रतिदिन एक डॉलरहून कमी खर्चात देण्याची तयारी दाखवली. प्रचलित दर याच्या कितीतरी पट होते. हा फरक जगभर चर्चिला गेला. रुग्णांच्या संघटना, डॉक्टर आणि आफ्रिकी देशांची सरकारे उघडपणे एका बाजूला उभी राहिली. १४ नोव्हेंबर २००१ रोजी दोहा येथे संमत झालेल्या घोषणापत्राने स्पष्ट केले की, ट्रिप्स करार सदस्य देशांना सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणासाठी उपाय योजण्यापासून रोखत नाही आणि रोखू नये. सक्तीचे परवाने देण्याचा व त्यासाठीची कारणे ठरवण्याचा देशांचा अधिकारही त्यात मान्य झाला. मुंबईच्या पेटंट कार्यालयातून मार्च २०१२ मध्ये कर्करोगावरील एका औषधासाठी भारताचा पहिला सक्तीचा परवाना दिला गेला, तेव्हा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून ८,८८० रुपयांवर आला.

दुसरी वाटाघाट करोना साथीच्या काळातील आहे. २ ऑक्टोबर २०२० रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी लशी, औषधे आणि निदान साधने यांच्यासाठी ट्रिप्स करारातील काही बंधने तात्पुरती शिथिल करण्याचा प्रस्ताव मांडला. प्रस्ताव सर्वांना वाचायला उपलब्ध होता आणि शंभरावर देशांनी त्याला पाठिंबा दिला. पुढे मात्र चर्चा भारत, दक्षिण आफ्रिका, अमेरिका आणि युरोपीय संघ या चौघांच्या अनौपचारिक गटात गेली. तेथे घडलेला मजकूर मार्च २०२२ मध्ये फुटून बाहेर आला. संघटनेच्या सर्व सदस्यांपुढे तो अधिकृतपणे मे महिन्यात ठेवला गेला. १७ जून २०२२ रोजी जो निर्णय झाला, तो केवळ लशींपुरता आणि मुख्यतः सक्तीच्या परवान्यांच्या नियमांपुरता मर्यादित होता. औषधे आणि निदान साधने यांना तो लागू करण्याचा प्रश्न नंतरही सुटला नाही. मूळ मागणीचे प्रवर्तक देश स्वतः त्या चौघांच्या खोलीत होते. त्यामुळे पारदर्शकतेचा प्रश्न केवळ श्रीमंत देशांना विचारून भागत नाही, हेही या प्रसंगाने दाखवून दिले.

गुप्ततेची किंमत

वाटाघाटी पूर्णतः उघड्यावर होऊ शकत नाहीत, असा युक्तिवाद वाटाघाटी करणारे अधिकारी करतात आणि त्यात तथ्य आहे. एखाद्या मुद्द्यावर आपण किती मागे हटू शकतो हे आधीच जाहीर झाले, तर सौदा करताच येत नाही. देवाणघेवाणीसाठी थोडी मोकळीक आवश्यक असते.

परंतु अंतिम मर्यादा गुप्त ठेवणे आणि मांडलेला मजकूरही गुप्त ठेवणे यांत अंतर आहे. बनावट मालाविरोधी व्यापार करार हे त्याचे ठळक उदाहरण होय. अमेरिका, जपान, युरोपीय संघ आदींनी २००८ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या बाहेर त्याच्या वाटाघाटी केल्या. मसुदा फुटू लागल्यानंतर, एप्रिल २०१० मध्ये तो प्रथम अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. भारत या वाटाघाटीत नव्हता. तरी त्याला चिंतेचे कारण होते. डिसेंबर २००८ मध्ये भारतातून ब्राझीलकडे निघालेली रक्तदाबावरील औषधाची खेप नेदरलँड्सच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी वाटेतच अडवली होती. भारतात आणि ब्राझीलमध्ये त्या औषधावर पेटंट नव्हते. भारताने मे २०१० मध्ये या प्रश्नावर जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. सीमेवरील जप्तीचे अधिकार वाढवणाऱ्या या कराराला युरोपात रस्त्यावर विरोध झाला आणि ४ जुलै २०१२ रोजी युरोपीय संसदेने तो ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला. १६५ सदस्य तटस्थ राहिले. कित्येक वर्षांची मेहनत वाया गेली. गुप्ततेने करार सुकर होतो, या समजाला त्या मतदानाने धक्का दिला.

खुल्या पद्धतीचे दाखले

जागतिक बौद्धिक संपदा संघटना ही संयुक्त राष्ट्रांची विशेष संस्था असून तिच्या कामकाजात बिगरशासकीय संघटनांना निरीक्षक म्हणून बसता येते. दृष्टिहीनांना वाचता येतील अशा स्वरूपातील पुस्तके सीमापार पाठवण्याची मुभा देणारा माराकेश करार २७ जून २०१३ रोजी याच संस्थेत संमत झाला. त्याचा मूळ मसुदा दृष्टिहीनांच्या जागतिक संघटनेने तयार केला होता. ब्राझील, इक्वेडोर आणि पॅराग्वे यांनी तो २००९ मध्ये मांडला. ज्यांच्यासाठी करार होता तेच चर्चेत उपस्थित होते. या कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता.

२४ मे २०२४ रोजी जैविक साधने आणि त्यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञान यांच्याविषयीचा करार संमत झाला. पेटंटचा अर्ज करणाऱ्याने वापरलेल्या जैविक साधनाचा उगम उघड करावा, असे तो सांगतो. कोलंबियाने १९९९ मध्ये उपस्थित केलेल्या या विषयाला करारापर्यंत येण्यास पंचवीस वर्षे लागली. मूळनिवासी समाजांच्या प्रतिनिधींना बैठकीस येता यावे यासाठी स्वेच्छा निधी उभारण्यात आला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रियाध येथे औद्योगिक नक्षीविषयक कायद्याचा करार झाला आणि भारताने त्या परिषदेच्या अंतिम दस्तऐवजावर स्वाक्षरी केली. नक्षीच्या नोंदणीची पद्धत सुलभ करणे हा त्याचा उद्देश असल्याने पानिपतच्या वस्त्र व्यवसायाने त्याकडे लक्ष द्यावे असा हा विषय आहे. खुल्या पद्धतीला वेळ लागतो, हे या दाखल्यांतून दिसते; अशा पद्धतीने झालेला करार बाधित घटकांना आपला वाटतो, हेही दिसते.

भारताची घटनात्मक चौकट

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत एक लक्षणीय योगायोग आहे. केंद्र सूचीतील १४ व्या क्रमांकाच्या नोंदीत परदेशांशी तह आणि करार करण्याचा अधिकार आहे. राज्य सूचीतील १४ व्या क्रमांकाची नोंद शेतीची आहे. बासमतीच्या नावाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार या दोन्ही नोंदींना स्पर्श करतो. अनुच्छेद २५३ नुसार अशा कराराच्या अंमलबजावणीसाठी संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते. मात्र कराराला स्वाक्षरीपूर्वी संसदेची संमती घेणे घटनेने बंधनकारक केलेले नाही. राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या, न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्ये करार करण्याच्या अधिकाराचे नियमन संसदेने कायद्याद्वारे करावे, असे सुचवले होते. तसा कायदा झालेला नाही. देशांतर्गत कायद्यांचे मसुदे ३० दिवस जनतेसमोर ठेवावेत असे धोरण केंद्राने २०१४ मध्ये स्वीकारले. आंतरराष्ट्रीय करारांच्या मसुद्यांसाठी अशी व्यवस्था नाही.

इतर ठिकाणच्या पद्धती तुलनेसाठी उपयुक्त आहेत. भारत आणि युरोपीय संघ यांच्यात जून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या चर्चेत भौगोलिक मानांकनाचा स्वतंत्र विभाग ठेवण्यात आला. युरोपीय आयोगाने या चर्चेतील आपले प्रारंभिक प्रस्ताव आणि फेऱ्यांचे अहवाल प्रसिद्ध केले. त्यामुळे भारताकडे काय मागितले जात होते, हे भारतीय अभ्यासकांना युरोपीय कागदपत्रांतून कळले. अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने कराराचा मजकूर स्वाक्षरीच्या ६० दिवस आधी प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले होते.

जागतिक व्यापार संघटनेतही सुधारणा झाली आहे. मे २००२ च्या निर्णयानंतर बहुतेक अधिकृत दस्तऐवज प्रारंभापासूनच खुले असतात. तरीही ते इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश या तीनच भाषांत असतात आणि अनौपचारिक बैठकांची नोंद त्यांत नसते. ज्याला ते वाचता येत नाहीत, त्याच्यासाठी खुला दस्तऐवजही बंदच राहतो.

सर्वसमावेशकतेचा अवघड भाग

सर्वांना सामावून घ्यायचे म्हटले की, आपल्याशी स्पर्धा करणाऱ्यांचेही म्हणणे ऐकावे लागते. बासमतीच्या बाबतीत हे प्रकर्षाने जाणवते. फेब्रुवारी २०१६ मध्ये कृषी व प्रक्रियायुक्त खाद्य उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाच्या नावे नोंदल्या गेलेल्या मानांकनात पंजाब, हरियाणा, दिल्ली, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंड ही राज्ये तसेच पश्चिम उत्तर प्रदेश व जम्मू भागातील काही जिल्हे येतात. मध्य प्रदेशाने आपल्या जिल्ह्यांचा समावेश मागितला आहे. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये तो फेरविचारासाठी मद्रास उच्च न्यायालयाकडे परत पाठवण्यात आला. हरियाणातील शेतकऱ्याला क्षेत्र मर्यादित राहावे असे वाटते. मध्य प्रदेशातील शेतकऱ्याला आपल्या पिकाची ओळख हवी आहे.

सीमेपलीकडेही हाच प्रश्न आहे. पंजाबी कवी वारिस शाह यांच्या १७६६ च्या ‘हीर’मध्ये बासमतीचा उल्लेख येतो आणि हा वारसा अविभाजित पंजाबचा आहे. भारताने युरोपीय संघाकडे केलेला नोंदणीचा अर्ज सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाल्यावर पाकिस्तानने त्यावर हरकत घेतली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील कार्यालयांनी भारताची नोंदणीची मागणी नाकारताना बासमती भारताबाहेरही पिकतो याच मुद्द्यावर बोट ठेवले. दोन्ही देशांच्या दाव्यांतील विसंवादाचा लाभ हे नाव सर्वसामान्य संज्ञा मानू इच्छिणाऱ्या तिसऱ्या पक्षाला होण्याची शक्यता असते. उत्पादकांमधील असे मतभेद वाटाघाटीपूर्वी उघडपणे मांडले गेले, तर निदान त्यांचा निपटारा कोठे करायचा हे ठरवता येते.

पुढील दिशा

या अनुभवांतून काही व्यवहार्य उपाय पुढे येतात. भारताने वाटाघाटीत मांडलेले आपले प्रस्ताव मांडल्यानंतर प्रसिद्ध करावेत आणि प्रत्येक फेरीनंतर संक्षिप्त अहवाल द्यावा. अंतिम मर्यादा गुप्त ठेवूनही हे शक्य आहे. बौद्धिक संपदेचा विभाग असलेला करार स्वाक्षरीपूर्वी संसदेच्या स्थायी समितीपुढे ठेवता येईल; गोपनीयतेची गरज असल्यास बैठक बंद ठेवण्याची सोय समितीकडे आहेच. शेतीशी संबंधित तरतुदींवर राज्यांचे मत लेखी घेतले जावे. सल्लामसलतीत निर्यातदार आणि उद्योग संघटना यांच्याबरोबर उत्पादक शेतकरी, विणकर आणि रुग्ण यांच्या संघटनांना स्थान असावे आणि कोणाशी चर्चा झाली याची यादी उपलब्ध असावी. मसुद्याचा गोषवारा हिंदी, मराठी, पंजाबी अशा भारतीय भाषांत असावा.

यांतील कोणत्याही उपायाने भारताची मागणी मान्य होईलच असे नाही. १९९० मध्ये तांदळाच्या नावाचा प्रश्न मसुद्यापूर्वी उपस्थित झाला असता, तरी तो मान्य झाला असता असे सांगता येत नाही. परंतु तो वेळेवर विचारला गेला नाही आणि त्याची भरपाई तीन दशकांच्या प्रयत्नांनंतरही झालेली नाही. पानिपतच्या परिसरातील शेतकरी दर हंगामात बासमतीची लावणी करतो तेव्हा त्या पिकाच्या नावावर विसंबतो. त्या नावाविषयी पुढची वाटाघाट कधी होणार, तेथे भारत काय मागणार आणि ती मागणी ठरवताना त्याला कोणी विचारणार का, हे त्याला आधी कळणे ही पारदर्शकतेची किमान कसोटी आहे.

महत्त्वाचे टप्पे

सप्टेंबर १९८६ : पुंता देल एस्ते येथे उरुग्वे फेरीस प्रारंभ, बौद्धिक संपदेचा समावेश.

डिसेंबर १९९१ : डंकेल मसुदा सादर.

एप्रिल १९९४ : माराकेश येथे स्वाक्षऱ्या, १ जानेवारी १९९५ पासून ट्रिप्स करार अमलात.

सप्टेंबर १९९७ : राइसटेक कंपनीला अमेरिकेत बासमतीविषयक पेटंट, भारताच्या आव्हानानंतर ते तीन वाणांपुरते मर्यादित.

नोव्हेंबर २००१ : सार्वजनिक आरोग्याविषयीचे दोहा घोषणापत्र.

सप्टेंबर २००३ : भारताचा भौगोलिक मानांकन कायदा लागू.

जुलै २००८ : वाढीव संरक्षण सर्व उत्पादनांना देण्याचा शंभराहून अधिक सदस्यांचा प्रस्ताव.

फेब्रुवारी २०१६ : भारतात बासमतीला भौगोलिक मानांकन.

जून २०२२ : करोना लशींपुरता मर्यादित निर्णय.

मे २०२४ : जैविक साधने आणि पारंपरिक ज्ञान यांविषयीचा करार संमत.